बारावालं की आठवालं

माणसाला आयुष्यात एखादीच गोष्ट धड येत असते आणि नेमकी तीच घरात कुणाला नको असते. मला तुलना करता येते. खरेदी विभागात बसून मी आजवर खुर्च्यांची, पंख्यांची, फाईलींच्या नाड्यांची आणि एकदा तर शवागारातल्या कपाटांचीही तुलना केलेली आहे. तीन दरपत्रकं समोर ठेवा, मी आडव्याउभ्या रेघा मारून असा तक्ता करून देतो की नंतर चौकशी लागली तरी त्यात कुणाला बोट घालायला जागा सापडत नाही. ऑफिसात मला तक्तेराव म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण जे तोंडावर म्हणत नाहीत तेच मनापासून असतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं त्यात माझी बाजू कुणी घेतली नाही. तेव्हा ती मलाच घ्यायला हवी.

आमची एकुलती एक लेक अजून न बांधलेल्या इमारतींमधून लोकांना फिरवून आणायचं काम करते. म्हणजे बिल्डर नकाशा देतो, ती कॉम्प्युटरवर घर उभं करते, भिंतींना रंग देते, खिडकीतून ऊन पाडते आणि मग एक कॅमेरा दारातून आत शिरून सगळ्या खोल्यांमधून हिंडतो. गिऱ्हाईक ती फिल्म बघून हरखतं आणि सही करतं. पुढे खऱ्या घरात ते ऊन येत नाही, पण तो दोष तिचा नव्हे.

काही वर्षं अशी किरकोळ कामं केल्यावर एका मोठ्या स्टुडिओनं तिला चाचणी म्हणून एक फिल्म करायला सांगितलं. फिल्म मिनिटभराचीच, पण विषय मोठा: तळ्याकाठचं घर, भोवती दाट झाडी, आत राहत्या घराचं सामानसुमान. महिनाअखेर द्यायची. पसंत पडली तर पक्की नोकरी, आणि तीसुद्धा तिला जिथे करायची होती तिथेच. त्या स्टुडिओचं नाव ती शाळेतल्या मुली नटाचं घेतात तसं घ्यायची.

अडचण एकच होती. तिच्या कॉम्प्युटरवर झाडं लावली की तो अडकायचा. एक झाड चालायचं. रांग चालायची. झाडी म्हटली की पडदा गोठायचा आणि आतला पंखा दम लागल्यासारखा घरघरायचा. एका संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल. बारा जीबी मेमरीचं एक आहे, मी बघून ठेवलंय. तेच हवं."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसवायची एक पाटी. तिच्यावर पंखे असतात आणि पडद्यावरची चित्रं तीच तयार करते. एवढं मलाही ठाऊक होतं. मला खटकलं ते 'तेच हवं.' आमच्या ऑफिसात टाचणीसुद्धा 'तीच हवी' म्हणून येत नाही. एकच वस्तू बघून ती घेणं याला मी खरेदी म्हणत नाही, त्याला पळून जाऊन लग्न करणं म्हणतात.

"कार्ड मी घेऊन देतो," मी म्हणालो. "पण आधी तुलना होईल."

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं आमटीच्या भांड्यावर झाकण ठेवलं. आमच्याकडे हा निषेध असतो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. तिच्या बारावाल्याच्या तोडीला मी एक आठ जीबीचं कार्ड शोधून काढलं. घरात त्यांची नावंच पडली, बारावालं आणि आठवालं. बारावालं आधीच्या पिढीतलं, तीन पंख्यांचं, हातभर लांब आणि वीज खाणारं. आठवालं अगदी ताजं, दोन पंख्यांचं, आटोपशीर, कमी विजेत चालणारं आणि वेगानं बारावाल्याच्या पुढे. कुणीही सांगेल की नवं, चपळ आणि कमी खाणारं असताना जुनं, सुस्त आणि खादाड घरात आणू नये. आमच्या विभागात हाच नियम माणसांना लावायचं घाटत आहे.

वेगाचे आकडे मिळवायला मला इंटरनेटवरच्या फिल्मा बघाव्या लागल्या. दोन कार्डांवर एकच खेळ शेजारी शेजारी चालवतात आणि कोपऱ्यात सेकंदाला किती चित्रं पडली ते लिहून येतं. मी पुष्कळ पाहिलं. एकीकडे भुतं मारत होते, दुसरीकडे तीच भुतं जरा सफाईनं मारत होते. मोटारी कड्यावरून खाली कोसळत होत्या आणि आठवाल्यावर त्या जास्त गुळगुळीत कोसळत होत्या. आमच्या घरात भुतं मारणारं कुणी नाही आणि मोटारही नाही, तरी मी सगळे आकडे उतरवून घेतले. आकडा कशाचा आहे यावर त्याची किंमत ठरत नाही, तो तक्त्यात बसतो की नाही यावर ठरते.

एकदा लेक मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ बघून म्हणाली, "बाबा, मला वेग नकोय. मला जागा हवी आहे."

"जागा कसली?"

"समजा, ओटा एवढासा आहे. तुमचा हात कितीही भराभर चालला तरी पन्नास माणसांचा स्वयंपाक त्यावर मांडता येईल का? मेमरी म्हणजे तो ओटा. माझं सगळं घर, झाडं, पानं एकाच वेळी त्याच्यावर मांडावी लागतात. नाही मावली तर काम हळू होत नाही, होतच नाही."

तिनं फार नीट समजावलं. मीही फार नीट ऐकलं आणि तक्त्याच्या खाली 'वापरकर्त्याचं म्हणणं ऐकून घेतलं' असा शेरा लिहिला. वापरकर्त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असतं. ते मान्य करायचं असतं असं कुठल्याही परिपत्रकात नाही.

तेवढ्यात बातमी इमारतीत पसरली. खालच्या मजल्यावर वीजकाका राहतात. ते वीज कंपनीतून निवृत्त झाले, पण वीज कंपनी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. ते आले, तक्ता बघितला आणि बारावाल्याच्या विजेच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे लावलंत तर तुमच्या घराची लाइन तापेल. मी सांगायचं काम केलं."

"किती तापेल?"

"ते तापल्यावर कळेल."

मेहुणा रविवारी आला. माझ्या मेहुण्यानं आजवर कुठलीही वस्तू विकत घेतलेली नाही, कारण प्रत्येक वस्तूची पुढची आवृत्ती लवकरच येणार आहे हे त्याला माहीत असतं. "भावजी, आत्ता घेऊ नका," तो म्हणाला. "पुढचं निघतंय."

"फिल्म महिनाअखेर द्यायची आहे."

"मग पुढच्या महिनाअखेर द्या. घाईत घेतलेली वस्तू आणि घाईत केलेलं लग्न..." एवढं बोलून त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि वाक्य तिथंच सोडलं. बायकोनं ते उचलून ठेवलं असणार. तिची मेमरी बारा जीबीच्या पुष्कळ पुढे आहे, आणि मेमरी जास्त असणं हा गुण आहे असं मला तेव्हा वाटत नव्हतं ते उगीच नाही.

शेवटी मी गुण दिले. वेगाला सगळ्यांत जास्त, मग वीज, मग आकार, हमी, नवेपणा, आवाज. मेमरीला पाच. पंख्यांच्या दिव्यांनाही पाच ठेवले होते, कारण रकाना मोकळा राहिला तर लेखापरीक्षक विचारतो. आठवालं तीन गुणांनी जिंकलं. निकाल मी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवला.

लेक एवढंच म्हणाली, "बाबा, मेमरीला आणि दिव्यांना सारखेच गुण आहेत."

"निकष सगळ्यांना समान आहेत," मी म्हणालो.

ती उठली, ताट मोरीत ठेवलं आणि खोलीत गेली. त्या वेळी मला वाटलं की तिला पटलं.

दुकानदार गोड माणूस होता. कार्ड काय कामाला हवं हे त्यानं विचारलं. मी 'कामाला' म्हणालो. त्यानं मान डोलावली. जुनं कार्ड दिलंत तर सूट देतो म्हणाला. जुनं असू दे, असं लेक निघताना म्हणाली होती, पण सरकारी माणसाला जुनी वस्तू निर्लेखित केल्याशिवाय नवी घेतल्याचं समाधान मिळत नाही. मी जुनं पिशवीत घालूनच नेलं होतं. ते त्याच्या टेबलावर ठेवलं, नवं खोकं घेतलं आणि मागे वळून न बघता आलो.

खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. वीजकाका आणि मेहुणा हजर होते. लेकीनं कार्ड बसवलं, कॉम्प्युटर चालू झाला, वीजकाकांनी मीटर बघून येऊन मीटर ठीक असल्याचं जाहीर केलं. मी हट्टानं तिला मोटारींचा एक खेळ उतरवून घ्यायला लावला. मोटार कड्यावरून इतकी सुरेख कोसळली की मेहुण्यानंही पुढच्या आवृत्तीचं नाव काढलं नाही. माझ्या आयुष्यात लोकांनी माझ्या खरेदीकडे बघून माना डोलावल्याचा तो एकमेव प्रसंग. शवागाराच्या कपाटांच्या वेळी कुणी डोलावली नव्हती.

मग लेकीनं तिचं घर उघडलं. तळं आलं. भिंती आल्या. खिडकीत ऊन आलं. तिनं झाडी चालू केली आणि फिल्म तयार करायची आज्ञा दिली. पडद्यावर एक छोटी चौकट आली. मेमरी अपुरी आहे, काम थांबवलं आहे, असं तीत लिहिलं होतं.

"पुन्हा कर," मी म्हणालो.

तिनं पुन्हा केलं. चौकट पुन्हा आली, आणि आठवालं खरोखरच वेगवान असल्यामुळे जुन्या कार्डाला नुसतं गोठायला जेवढा वेळ लागे त्यापेक्षा पुष्कळ लवकर आली.

वीजकाकांना खाली काहीतरी काम आठवलं. मेहुणा म्हणाला, "मी थांबा म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. सील फुटलेला माल परत घेत नाही, दुकानदार तितक्याच गोडपणे म्हणाला, फक्त सदोष असेल तर कंपनीच्या सेवा केंद्रात जा. बरं, बारावालं वेगळं विकत द्या म्हटलं, तर ते संपलं होतं. कंपनीनं बनवायचंच थांबवलं होतं. "तुम्ही त्या दिवशी आलात ना, तेव्हा शेवटचं एक होतं," तो म्हणाला. हे सांगायची काही गरज होती का, हे त्याच्या गिऱ्हाइकांनी ठरवावं.

सेवा केंद्रात जायला रजा हवी होती. मी अर्जात खरं कारण लिहिलं: ग्राफिक्स कार्ड. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि उठून माझा हात हातात घेतला. "ठरलं म्हणजे मुलीचं. बोलला नाहीत. कार्ड छापायला स्वतः धावपळ करताय, छान. मुलगा काय करतो?"

मी समजावून सांगितलं. पण साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं आणि बाहेर बसलेल्यांनी 'मुलीचं ठरलं' एवढंच ऐकलं होतं. टेबलापर्यंत पोचेतो चौघांनी अभिनंदन केलं. नाही हो, असं काही नाही, म्हणालो की लोक मुरकून हसायचे. आठवड्यानं कुणीतरी 'मोडलं म्हणे' असं दबक्या आवाजात बोलताना मी ऐकलं. न ठरलेलं लग्न मोडल्याबद्दल माझ्याकडे सहानुभूतीनं बघणारे लोक त्या मजल्यावर अजून आहेत.

सेवा केंद्रात खिडकीमागे एक बाई होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, "तक्रार काय?"

"मेमरी कमी पडते."

"खोक्यावर किती लिहिलीय?"

"आठ."

"आत किती दाखवतंय?"

"आठ."

"मग तक्रार काय?"

मी त्या बाईंच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं, म्हणून मला जास्त राग आला. मी त्यांना लेकीचं ओट्याचं उदाहरण सांगितलं. माझ्या तोंडून ते तिच्या वेळेइतकं नीट उतरलं नाही. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "काका, ओट्याची तक्रार दुसऱ्या खिडकीवर."

बाईंनी तक्रारीचे प्रकार वाचून दाखवले. चित्र दिसत नाही, आवाज येतो, फार तापतं, इतर. मी 'इतर' म्हणालो. त्यांनी कार्ड घेतलं, पिशवीत घातलं आणि पिशवीवर चिठ्ठी लावली.

"हे कुठे निघालं?"

"इतर असलं की तपासणीला ठेवतात. झाली की फोन येईल."

"कधी होईल?"

बाईंनी पहिल्यांदा वर बघितलं. आमच्या विभागात कंत्राटदारानं बिल कधी निघेल विचारलं की मी ज्या नजरेनं बघतो तीच नजर होती. 

घरी आलो तेव्हा लेक कॉम्प्युटरपाशी बसली होती. "कार्ड?" तिनं विचारलं.

"तपासणीला ठेवलंय."

"म्हणजे आता आपल्याकडे एकही नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. जुनं मी देऊन टाकलं होतं, नवं ठेवून आलो होतो. तिनं चार मैत्रिणींना फोन केले. प्रत्येकीचं मशीन स्वतःच्या महिनाअखेरीत अडकलेलं होतं. दूरच्या कुठल्या भाड्याच्या मशीनवर काम पाठवायचाही तिनं प्रयत्न केला, पण आमच्या इंटरनेटचा वेग बघता ती झाडं प्रत्यक्ष लावून वाढवणं जास्त लवकर झालं असतं.

आता मेहुण्याला उत्साह आला. त्याच्या ओळखीच्या एकानं पोरांना खेळ खेळायला लावायचं दुकान काढलं होतं आणि ते बुडालं होतं. त्याच्याकडे एक वापरलेलं बारावालं होतं. मेहुण्यानं ते वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं. लेक त्या दिवशी कुणाच्या तरी ऑफिसात मशीन मोकळं मिळतंय का बघायला गेली होती. ती यायच्या आत बसवून ठेवावं, म्हणजे घरातलं वातावरण जरा निवळेल, असा माझा शुद्ध हेतू होता. हेतू शुद्ध असला की माणूस हत्यारं फार बेदरकारपणे हाताळतो.

बारावालं कॉम्प्युटरच्या पेटीत मावेना. दोन बोटं लांब होतं. आत एक पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता. तो रिकामाच होता.

"हा उगाच आहे," वीजकाका म्हणाले. ते मीटर बघायला म्हणून आले होते.

"काढता येईल?"

"काढता नाही येणार, खिळवलेला आहे. कापता येईल." आणि ते खाली जाऊन करवत घेऊन आले.

आम्ही तिघांनी पिंजरा कापला. मेहुण्यानं पेटी धरली, वीजकाकांनी करवत चालवली, मी 'सांभाळून' म्हणत होतो. पत्र्याचा कीस सगळ्या टेबलावर, सतरंजीवर आणि पेटीच्या आतही पडला. बायको दारात येऊन उभी राहिली, तिनं आमच्याकडे आणि पेटीकडे पाहिलं आणि म्हणाली, "तिला सांगितलंय का?"

"सरप्राइज आहे," मेहुणा म्हणाला.

लेक आली. तिनं चपला काढल्या, खांद्यावरची पिशवी ठेवली, टेबलाशी आली. मला वाटलं, आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि दोन्हीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. तिनं कपाटातून रंगाचा एक बारीक ब्रश आणला आणि खाली बसून पेटीतला कीस कणाकणानं झाडायला लागली. आम्ही तिघे तिच्या मागे उभे होतो.  शेवटी वीजकाका करवत शर्टाच्या आड धरून निघून गेले. तिला ती दिसलीच नसेल असं त्यांना वाटलं असावं.

कार्ड बसलं. झाडी उभी राहिली. एकदाच मी ती पूर्ण पाहिली. तळ्याच्या काठानं गर्द, पानापानावर उजेड, घराच्या पायऱ्यांवर सावल्या हलतायत. मला या गोष्टीतलं काही कळत नाही, पण त्या घरात राहायला जावंसं वाटलं. बायको "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

लेकीनं फिल्म करायला लावली. थोडा वेळ गेला, खट्ट आवाज झाला आणि सगळा कॉम्प्युटर काळा पडला. पेटीला वीज पुरवणारा डबा बारावाल्याची भूक भागवू शकत नव्हता. पुन्हा चालू केला, पुन्हा खट्ट. तिसऱ्या वेळी खट्ट झालं नाही, जळका वास आला. डबा गेला आणि जाताना बारावाल्यालाही घेऊन गेला.

खालून वीजकाकांचा आवाज आला, "काही तापलं का?"

मेहुण्यानं बारावालं परत वर्तमानपत्रात गुंडाळलं. "दिलं तेव्हा चालू होतं," तो म्हणाला. हे तो कुणाला उद्देशून म्हणाला ते मला अजून समजलेलं नाही.

सेवा केंद्राचा फोन आला तेव्हा महिना संपत आला होता. आठवालं परत मिळालं, सोबत एक कागद. कार्डात कोणताही दोष आढळला नाही, सर्व चाचण्यांमध्ये ते अपेक्षेपेक्षा सरस ठरलं, असं त्यात लिहिलं होतं. मी तो कागद लेकीला दाखवला. माझी निवड तांत्रिकदृष्ट्या चुकीची नव्हती एवढंच मला सुचवायचं होतं. तिनं कागद वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

मग जळालेल्या डब्याच्या जागी नवा बसवून ती आठ जीबीत काय मावतं ते बघत बसली. आधी तळ्यापलीकडची झाडी काढली. चौकट आली. मग अलीकडची काढली. गवत काढलं. चौकट येतच होती. आतले पडदे काढले, पुस्तकं काढली, टेबलावरचा अर्धा प्यालेला कप काढला. बायको शेजारी बसून होती. दाराशी जोडीनं काढून ठेवलेल्या चपला होत्या, लेक त्यांच्यापाशी आली तेव्हा बायको म्हणाली, "तेवढ्या राहू दे ना गं."

"त्या ठेवल्या तर जागेसाठी पायऱ्या खराब कराव्या लागतात, आई," लेक म्हणाली आणि त्याही काढल्या.

मग चौकट आली नाही. फिल्म भराभर तयार झाली. आठवाल्याचा वेग खरंच वाखाणण्यासारखा होता, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती हे मलाही समजलं. माझ्यावर जे आरोप होतात त्यात निदान हा एक नसावा.

स्टुडिओचं उत्तर लवकर आलं. लेकीनं ते जेवताना वाचून दाखवलं. काम स्वच्छ आहे, प्रकाशाची जाण चांगली आहे, पण या घरात कुणी राहत असेल असं वाटत नाही. पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा.

"हा काय निकष झाला?" मी म्हणालो. "राहत असेल असं वाटत नाही म्हणजे काय? कशाच्या तुलनेत वाटत नाही? तू त्यांना कळव, की..."

"अहो," बायको म्हणाली. तिनं झाकण ठेवलं नाही, काही नाही. नुसतं "अहो" म्हणाली. मी जेवायला लागलो.

लेकीनं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी खोडून काढला असता. माझ्याकडे तक्ता होता, सेवा केंद्राचा कागद होता, बनवायचं थांबवलेल्या मालाचा पुरावा होता. हे सगळं घेऊन मी कितीतरी दिवस घरात तयार होऊन हिंडत होतो आणि खटलाच उभा राहत नव्हता. आरोप न करणाऱ्या माणसापुढे सुटायची काही सोयच नसते.

पुढे तिनं दुसऱ्या गावातल्या एका लहानशा कंपनीत काम धरलं. मोटारी लावायच्या इमारतींचे नकाशे काढायचं काम. त्यात झाडं नसतात, माणसंही नसतात, असं ती हसत म्हणाली. मी हसलो नाही. ती कॉम्प्युटर नेईल असं मला वाटलं होतं. तिनं कपडे नेले, आईनं दिलेल्या दोन उशा नेल्या, ब्रश नेले. निघताना मी म्हणालो, "पेटीचा पिंजरा कापलाय, पण चालतो तो. घेऊन जा."

"राहू दे, बाबा. तुम्हाला फिल्मा बघायला होईल," ती म्हणाली.

मी आता फिल्मा बघत नाही. कधीतरी मोटारीचा तो खेळ लावतो. तेवढ्यासाठी आठवालं उत्तम आहे.

मध्ये बायकोकडून कळलं की लेकीनं तिकडे एक कॉम्प्युटर घेतला आणि पुष्कळ मेमरीचं एक कार्ड. संध्याकाळी नोकरीवरून आली की ती स्वतःचं काहीतरी करत बसते. हे मला तिनं नाही, बायकोनं सांगितलं, तेही दुसरंच काहीतरी सांगता सांगता. मी एक दिवस गेला की फोन करीन म्हणालो, मग एक आठवडा गेला की करीन म्हणालो. शेवटी केला.

"कार्ड घेतलंस म्हणे."

"हो, बाबा."

"दुसरं कुठलं बघितलं होतंस?"

"नाही. गेले, हवं ते सांगितलं, घेतलं."

यावर मला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. मी ते बोललो नाही. "आता झाडं येतात?" मी विचारलं.

"येतात की."

"किती येतात?"

मी सवयीनं कागद-पेन्सिल पुढे ओढली.

"मोजली नाहीत, बाबा," ती म्हणाली. आणि मग, "आई आहे का जवळ?"

मी फोन बायकोला नेऊन दिला. ती तो घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं. त्या दोघी खूप वेळ हसत होत्या. कशावर ते मला बाहेर ऐकू आलं नाही.